वाघधऱ्याचं बोटीचं इंजिन

माह्या दुकानात जळालेलं मशीन येते, पन माह्या दुकानात मशीन जळत नाई. हे वाक्य मी तेवीस वर्सं झाले गिऱ्हाइकायले ऐकवत आली. आर्वीच्या बस डेपोमांगं माह्यं फवारणी पंपाचं दुकान हाये. कपाशीवर फवारायचे, पाठीवर घ्यायचे, ते पेट्रोलचे पंप. दुकान तसं माह्या नवऱ्याचं, कैलासचं. पन कैलासले पंप खोलता येते, बसवता येत नाई. लगनाच्या पयल्याच साली मी वैतागून एक पंप बसवला, अन् तवापासून पाना माह्या हातात अन् गप्पा त्याच्या तोंडात, अशी वाटनी झाली. मोहिनीबाईचा हात लागला का पंप बोलतेच, असं लोक म्हनते. लोक म्हनते ते खरंच हाये, मी कायले खोटं लाजू?

मार्च महिन्यात आमच्या धंद्याले माश्या माराचा टाइम असते. अशाच एका दुपारी डेपोतून एक म्हातारा पोतं खांद्यावर घेऊन आला. उंच, वाळलेला, पांढरा सदरा, खिशाले निळा पेन. पोतं त्यानं असं खाली ठेवलं का आत झोपलेलं लेकरू हाये.

"जय भीम, बाई. मोहिनीबाई तुमीच काय?"

"हाव. काय आनलं काकाजी?"

"इंजिन हाये. बोटीचं."

शेजारच्या टपरीवर बंडूजी चहा उकळून राह्यला होता. त्याले तोंडावर ताबा कदी होता म्हनता? "आर्वीत बोट? मार्केट यार्डात चालवता काय, काकाजी?"

म्हातारा हसला नाई. त्यानं पोत्याची सुतळी सोडली. आत गोधडी, गोधडीत प्लास्टिक, प्लास्टिकात ते इंजिन. वर डोक्याएवढं गोल मशीन, मधात लांब मान, खाली तीन पात्यायचा पंखा. सत्तर सालच्या आसपासचं, विलायती. कंपनीचं नाव पार घासून गेलतं. असं इंजिन मी जिंदगीत पाह्यलं नव्हतं, पन टोपन काढून आत डोकावलं अन् मले हसू आलं. दोन स्ट्रोकचंच होतं, पेट्रोलात तेल मिसळून चालनारं. म्हनजे माह्या पंपायचा मोठा भाऊ.

"कवापासून बंद हाये?"

"तीस वर्सं झाले," म्हातारा म्हनला, अन् मंग त्यानं सारी गोठ सांगतली.

त्याचं नाव प्रेमदास. गाव वाघधरा, धरनाच्या काठचं. पाटबंधारे खात्यात खलाशी होता, खात्याची बोट तोच चालवे. त्या साली मोठा पूर आला. अंधारी रात, अर्धं गाव शाळेच्या छतावर. प्रेमदासजीनं दोन फेऱ्या केल्या, बावीस मानसं काढली. तिसऱ्या फेरीत पंखा पान्यातल्या कायले तरी धडकला अन् बोट पुढं जाईना. धारेनं वाहत गेली, दोन कोसावर बाभळीत अडकली. बोटीतले अकरा अन् छतावरचे बाकी लोक रातभर पावसात. मेलं कोनी नाई. पन बोटीत तवाचे सरपंच सदाशिवराव होते, अन् त्यायची म्हातारी माय छतावर राह्यलती. सकाळी त्यायनं बोटीत तेलाचा रिकामा डबा पाह्यला अन् चावडीवर सांगतलं, प्रेमदासनं तेल इकून खाल्लं, कोरं पेट्रोल टाकलं, म्हनून इंजिन जाम झालं. खात्यानं इंजिन खोललंबी नाई. तसंच लिहून टाकलं.

"अन् तेल टाकलं होतं तुमी?"

मी सवयीनं इचारलं. त्याचे डोळे भरून आले, तवा मले माह्या तोंडाचा राग आला.

"सारा डबा पेट्रोलात टाकला होता, बाई. म्हनून तं रिकामा होता. पंख्याची पिन तुटली, हे मी सांगत राह्यलो. लोक म्हने, एवढं मोठं इंजिन काडीएवढ्या पिनीनं बंद पडते काय? त्या दिवसापासून मले बोट देल्ली नाई. गेटवर बसून रिटायर झालो. पोरायच्या शाळेत बी 'तेलचोराची पोरं' म्हनत होते."

इंजिन पुढं भंगारात निघालं, तवा यानं ते भंगारवाल्याकडून आनलं अन् घरी गुंडाळून ठेवलं.

"मंग उघडून काऊन नाई दाखवलं लोकायले?"

"मी उघडलं असतं तं लोक म्हनले असते, यानंच आतलं बदललं. पोरानं उघडलं असतं तरी तेच. दुसऱ्याचा हात पाह्यजे. ज्याचं माह्याशी नातं नाई, गोतं नाई."

"अन् आताच काऊन?"

"सदाशिवराव ब्याऐंशीचे झाले. जानेवारीत सावंगीच्या दवाखान्यात अठरा दिवस होते. आता घरी आले. तो मानूस जित्ता हाये तंवर पाह्यजे, बाई. मेल्यावर कोनाले दाखवू?"

मी इंजिन लोखंडी घोडीवर चढवलं, प्लगच्या भोकात दोन थेंब तेल सोडलं अन् दोरी ओढली. घर्रकन फिरलं. पुन्हा ओढली, पुन्हा फिरलं, लोन्यासारखं.

प्रेमदासजी उठून उभे राह्यले. "फिरलं," ते म्हनले. "जाम झालेलं इंजिन फिरते काय, बाई?"

"नाई फिरत."

"मंग मी आताच जातो. उद्या सदाशिवरावले घेऊन येतो. त्यायनं आपल्या हातानं दोरी ओढून पाहावी."

इथंच मी थांबाले पाह्यजे होतं. पन माह्या आंगात मोहिनीबाई होती ना! मी म्हनलं, "दोरी कायले ओढता काकाजी, मी चालूच करून देते. चार दिवसानं या, सदाशिवरावच्या कानात वाजवू."

ते मानले. माह्यावर भरवसा ठेवून रिकामं पोतं घडी करून घेऊन गेले.

दोन दिवस मी दुसरं काईच केलं नाई. कार्बोरेटरमंदी जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता, तो सुईनं काढला. पॉइंट घासले, लुनाचा कंडेन्सर बसवला, पेट्रोलले नवी नळी लावली. तिसऱ्या दिवशी दुपारी प्लगमंदी निळी ठिणगी पडली. मी बंडूजीले हाक मारली, डेपोतले दोन ड्रायव्हर आले, कैलास खुर्ची घेऊन बसला. पेट्रोलात तेल मोजून टाकलं, दोरी ओढली. चौथ्या झटक्यात इंजिन असं बोललं का टपरीवरचे कप हालले! निळा धूर निघाला. लोक टाळ्या वाजवून राह्यले अन् मी, मूर्ख बाई, एक्सिलेटर पिळून आनखी जोर देऊन राह्यली. आयका लेकहो, मोहिनीबाईचा हात.

पाचेक मिनिटं झाले असतील. आधी जळक्या रबराचा वास आला. मंग आवाज जड झाला. मी हात मांगं घेईपर्यंत एक ठोका आला अन् सारं थंडं.

दोरी ओढली. दगडावानी घट्ट.

माह्या पंपायले पानी लागत नाई हो, ते वाऱ्यानं थंडे राह्यते. हे पान्यातलं जनावर. खालून पंख्याजवळून पानी ओढते, तेच पानी वर फिरते, त्याच्यावरच जगते. त्याचा पाय पान्यात बुडवल्याशिवाय चालू कराचंच नसते. एक ड्रम पान्यात उभं केलं असतं तरी भागलं असतं. कूलरमंदी रोज ओततो, तेवढं पानी! पन आमी कोरडवाहू लोक, आमाले हे सुचते काय? तेल होतं, तरी मी ते जाम केलं. अन् हे इंजिन जाम झालेलं नाई, एवढीच तं त्या मानसाची साक्ष होती. तीस वर्सं गोधडीत जपलेली साक्ष मी पाच मिनिटांत जाळली.

लोक पांगले. बंडूजीनं न मागता चहा आनला, म्हनजे पाहा माह्यं तोंड कसं झालं असंल.

कैलास म्हनला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. इंजिन फिरलं तवा म्हातारा एकटाच होता ना? सांगून दे, आतून गंजलं होतं, बसलं."

"तोंड धुऊन ये," मी म्हनलं. "त्याच्यावर आळ घेतला तसाच मी बी घेऊ काय? उचलली जीभ लावली टाळ्याले!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी वाघधऱ्याले गेली. प्रेमदासजीची बायको मीराबाई ओट्यावर तूर पाखडत होती. लहानशी बाई, पन नजर अशी का आरपार जाते. मी उभ्या उभ्याच सांगतलं. सारं. पानी नव्हतं, जोर देला, जाम झालं.

प्रेमदासजी म्हनले, "पान्याचं तुमाले सांगाचं माह्यंच राह्यलं, बाई."

मीराबाईनं सूप खाली आदळलं. "काऊन? हे बी तुमीच आंगावर घेता काय? तीस वर्सं दुसऱ्याचं घेतलं, ते पोट नाई भरलं?" मंग माह्याकडं वळली. "तुले मोठी बाई समजून पाठोलं होतं याईले. कोनाले दाखवत होती व नखरा?"

"बंडूजीले," मी म्हनलं. खरं तेच होतं. "काकू, मी ते तुमच्या डोळ्यादेखत खोलते. आत जे निघंल ते निघंल. अन् ते इंजिन मी पान्यावर चालवून देईन. नाई चालवलं तं दुकानावरचा माह्या नावाचा बोर्ड काढून टाकीन."

"बोर्ड काढून आमाले काय चुलीत घालाचा हाये?" मीराबाई म्हनली. पन दुसऱ्या दिवशी नवऱ्यासंग दुकानात आली अन् स्टुलावर बसली, ते संध्याकाळपर्यंत उठली नाई.

रातभर डिझेलात भिजवून ठेवलेलं पिस्टन लाकडाच्या ठोक्यानं सुटलं. बाहेर काढलं अन् मी उजेडात धरलं. एका बाजूले ओरखडे होते, ताजे, चांदीवानी चमकनारे. ते माह्ये. बाकी सारं पिस्टन गुळगुळीत. खाली बेअरिंगावर जुन्या तेलाची तपकिरी साय तशीच जमून होती. तीस वर्साआधीचं तेल. मी बोटानं पुसून मीराबाईच्या तळहातावर लावलं. तिनं ते नाकाशी नेलं, अन् हात लवकर धुतला नाई.

मंग पंखा काढला. त्याच्या पोटात पितळेची पिन असते, मुद्दाम कमजोर ठेवलेली. पंखा दगडाले लागला का पिन तुटते अन् इंजिन वाचते. पिनीचे तीन तुकडे निघाले, तुटल्या जागी पार काळे पडलेले. प्रेमदासजीनं ते तुकडे मोजले, पुन्हा मोजले. "सांगत होतो ना," ते म्हनले. "सांगत होतो ना मी."

आता इंजिनाचा पानी ओढनारा पंप. रबराची चकरी माह्या करनीनं भुगा झालती. तसा पार्ट आता दुनियेत कुठं भेटत नाई, मी नागपूरपर्यंत फोन लावले. मंग कापाले बसली. ट्यूबचं रबर कापलं, ते नरम पडलं. कापसाच्या जिनिंगमधून रोलरची रबरी चकती आनली, तिचे पाते वाकेचना. पाचव्या दिवशी मीराबाईनं घरून खात्याचे जुने गमबूट आनले अन् माह्यापुढं टाकले. "याची टाच पाह्य, जाड हाये अन् वाकते बी." बाई अडानी नाई, बाप्पा! त्या टाचेतून मी सहा पात्यायची चकरी कापली, घासली, बसवली. सिलिंडर घासून साफ केलं, पिस्टनले नव्या रिंगा टाकल्या, पितळेच्या सळीतून पिना पाडल्या.

अन् या खेपेले ड्रमभर पानी. इंजिन बोललं, अन् बाजूच्या भोकातून पान्याची धार निघाली, करंगळीएवढी. मी त्या धारेखाली हात धरला. कोमट. बंडूजी टाळ्या वाजवाले आला, त्याले मी म्हनलं, चूप बैस.

रविवारी सकाळी वाघधऱ्याच्या काठावर पन्नासेक मानसं जमली. मच्छीमार संस्थेनं बोट देल्ली. सदाशिवराव पोराच्या मोटरसायकलवर आले, काठी टेकवत खुर्चीवर बसले. बारीक झालते, पन आवाजात अजून सरपंच होता.

मी त्यायच्या हातात पिनीचे तुकडे देल्ले, जुन्या रिंगा देल्ल्या. त्यायनं पिन बाजूले ठेवली अन् रिंगा उन्हात धरल्या.

"ह्या तं घासलेल्या हायेत. तेल असल्यावर रिंगा घासते काय? मी बी लुना चालवली हाये, बाई."

काठावर कुजबुज झाली. मीराबाई माह्याकडं पाहून राह्यली होती. त्या गर्दीत अर्धे माह्ये गिऱ्हाइक होते, वाघधऱ्याचे सारे पंप माह्याचकडं येते. मले घाम फुटला, खोटं कायले सांगू.

"घासल्या," मी मोठ्यानं म्हनलं. "ते पाप माह्यं हाये. हे इंजिन माह्याकडं आलं तवा लोन्यासारखं फिरत होतं. मी शायनिंग माराले ते बिनपान्याचं चालवलं अन् जाम केलं. मी, मोहिनी, आर्वीवाली. इंजिन मी जाळलं, यायनं नाई."

कोनी तरी हसलं. "घ्या, आता पंप कुठी न्यावं?" हसू द्या. खरं सांगू, मले त्या वक्ती जेवढं ताठ उभं राहता आलं, तेवढं तेवीस वर्सात कदी आलं नव्हतं.

सदाशिवराव मान हालवत म्हनले, "तू त्याची बाजू घेऊन राह्यली. पिन काय, कोनीबी तोडते."

प्रेमदासजी इतका वेळ पान्यात उभे राहून इंजिन बोटीले कसत होते. ते वळले. "बसा बोटीत, सदाशिवराव."

"मी कायले?"

"तीस वर्साआधी अर्ध्या रस्त्यात उतरले होते. बसा."

पोरानं हात धरून बसवलं. मी समोर बसली. प्रेमदासजीनं दोरी गुंडाळली, एक झटका, दुसरा झटका, अन् इंजिन लागलं. म्हातारा मांगं बसला, हात दांडीवर, नजर पान्यावर, अन् पाठ अशी सरळ झाली का हाच मानूस पोतं घेऊन आलता काय, असं मले वाटलं. बोट पानी चिरत निघाली. काठावरून पोट्टे वरडले.

धरनाच्या फुगवट्यात जुन्या बाभळीचे खुंट हायेत, उन्हाळ्यात पान्याच्या वर येते. बोट त्यायच्याकडं वळली. मी वरडली, "काकाजी, खुंट!"

"दिसून राह्यले मले," ते म्हनले, अन् मुद्दाम पंखा खुंटावर घातला.

खाड! बोटीले हिसका बसला. अन् मंग इंजिन असं किंचाळलं का धरन डोक्यावर घेतलं. पिन तुटली होती, पंखा मोकळा झालता, इंजिन एकटंच पळत होतं. बोट तसूभर पुढं जाईना, हवेनं आडवी होऊन वाहाले लागली. प्रेमदासजीनं इंजिन बंद केलं नाई. तसंच वरडू देल्लं.

सदाशिवरावनं दोन्ही हातानं बोटीची कड धरली होती. चेहरा उतरला.

"हाच," ते म्हनले.

"काय हाच?" मी इचारलं.

"हाच आवाज. त्या राती... असंच वरडत होतं. मी याले म्हनलं होतं, अबे, हे एवढं वरडून राह्यलं, तं बोट चालत काऊन नाई?"

आता प्रेमदासजीनं इंजिन बंद केलं. सारं शांत झालं.

"हाव," ते म्हनले. "तुमीच इचारलं होतं."

"जाम झालेलं इंजिन वरडते काय, सदाशिवराव?" मी म्हनलं. माह्या तोंडाले आवर नाई, मालूम हाये मले.

सारी साक्ष त्यायच्याच कानात होती, तीस वर्सं. प्रेमदासजीनं इंजिन वर उचललं, पंखा काढला, खिशातून नवी पिन काढली. पंख्याचा नट अन् तो अडवनारी बारकी चाबी ठेवाले जागा नव्हती. सदाशिवरावनं आपला तळहात पुढं केला. "दे, मी धरतो." प्रेमदासजीनं त्यायच्याकडं पाह्यलं अन् नट-चाबी त्या हातात ठेवली. चार मिनिटांत पिन बसली. त्या रातीले खात्यानं एक जास्तीची पिन देल्ली असती, तं एवढंच काम होतं.

काठाले लागलो तवा सारे पान्याजवळ आले. सदाशिवराव उतरले, काठी चिखलात रोवली. ते खाली पाहून बोलले, "त्या राती इंजिनात तेल होतं. प्रेमदासची चूक नव्हती. मी खोटं बोललो."

मीराबाई साऱ्यायच्या समोर उभी होती. तिनं पदर कमरेले खोचला.

"जोरानं म्हना, सदाशिवराव. मांगच्यायले आयकू नाई आलं."

प्रेमदासजी म्हनले, "जाऊ दे, व."

"नाई जाऊ देत."

सदाशिवरावनं एक डाव तिच्याकडं पाह्यलं, एक डाव लोकायकडं. मंग श्वास भरला, मान वर केली, अन् झाडाखाली उभ्या असलेल्या शेवटल्या मानसाले आयकू जाईल अशा आवाजात सारं पुन्हा म्हनले.